जिन्यात थांबलेल्या बाई

पत्र, थोडं कापून:

"पुण्याच्या उपनगरातली आमची गल्ली. तीन सोसायट्या, काही बंगले, शेवटी एक चाळ. विजेच्या डीपीजवळ वर्षानुवर्षांचा उकिरडा. गेल्या 2 ऑक्टोबरला मी पुढाकार घेऊन गल्लीचा गट सुरू केला. पहिल्या रविवारी साठ जण आले. टी-शर्ट केले, भिंतीवर वारली चित्रं काढली, पाट्या लावल्या. उकिरडा अकरा वेळा उचलला आणि अकराही वेळा चार दिवसांत होता तसा झाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 212 माणसं आहेत, कामाला येतात पाच. सभेला तर कोणी फिरकतच नाही. मागच्या रविवारी अकराला आम्ही सात जण जमलो. सीसीटीव्ही लावायचा की दंड करायचा यावरून वाद इतका लांबला, की कचरा नेणाऱ्या बाई काहीतरी सांगायचं म्हणून जिन्यात थांबल्या होत्या, त्याही कंटाळून निघून गेल्या. पाठ धरली आहे. नवरा म्हणतो, सोड. लोकांना काही पडलेलं नाही हे मान्य करून गट बंद करू का? की नगरसेवकांकडे जाऊ?
– एक दमलेली संयोजक"

ताई,

त्या बाईंना काय सांगायचं होतं?

तुमचं मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. कोण आलं, कोण नाही, टी-शर्टचे पैसे कोणाचे यायचे आहेत, ब विंगच्या कोणत्या काकांनी आवाज चढवला, सगळं नावानिशी लिहिलंय. (ती नावं मी छापलेली नाहीत.) या बाईंचं नाव मात्र कुठेच नाही. त्यांच्या वाट्याला एक ओळ आली, तीही सभा किती लांबली ते सांगण्यापुरती. तिसऱ्यांदा वाचताना त्या ओळीपाशी मला राग आला आणि लिहितानाही तो उतरलेला नाही.

सभेला कोणी फिरकत नाही म्हणता. फिरकलं होतं की एक माणूस! हातातलं काम थांबवून, गाडा खाली लावून, जिना चढून आलं होतं. तुमच्या सात जणांपैकी एकानेही "या, बसा" म्हटलं नाही. रविवारी अकरा म्हणजे त्यांच्या फेरीची ऐन वेळ. पुढची घरं खोळंबलेली असताना त्या जिन्यात उभ्या होत्या, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी नक्की होतं. ग्रुपवरच्या 212 जणांपैकी कोणी तुमच्या सभेसाठी इतकं केलं?

आता जरा हिशेब मांडा. त्या उकिरड्याचा त्रास कोणाला किती होतो? तुम्हाला येताजाता वास येतो. काकांना फ्लॅटच्या किमतीची काळजी आहे. या बाईंचं पोट त्यावर आहे. सुक्या कचऱ्यात आमटी सांडली की त्या कागदाला, पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. फुटलेली काच तशीच पिशवीत टाकली की हात कापतो. डायपर आणि पॅड न गुंडाळता टाकले की ते त्यांनाच हातांनी वेगळे करावे लागतात. तुमच्या गल्लीत कोणत्या घरी किती माणसं आहेत, कोण वेगळा कचरा देतं, कोण कचऱ्याचे महिन्याचे पैसे वाचवायला रात्री पिशवी घेऊन बाहेर पडतं, हे त्या रोज बघतात. तुम्ही जे शोधायला कॅमेरा लावायला निघाला आहात, ते जिन्यात उभं होतं.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशीही असाच उकिरडा होता, म्हणून हे इतकं ठासून लिहितेय. आम्ही कुंड्या ठेवल्या, रांगोळ्या काढल्या, देवांच्या फरशा बसवल्या. फरशांपाशी कचरा पडायचा थांबला आणि दहा पावलं पुढे पडू लागला. दोन वर्षं असं चाललं. मग एका सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशींनी एक पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. डब्यातली उरलेली भाजी, ब्रेडचं वेष्टन, दुधाची पिशवी. "ही एकटी राहणारी पोरं हायेत ताई. सहाच्या बसला जात्यात. गाडी येती नवाला. घरात ठिवलं तर वास मारतंय, मग जाताजाता हितं टाकत्यात." आम्ही वॉचमनच्या खोलीशेजारी झाकणाचे दोन डबे ठेवले, एक ओल्याचा, एक सुक्याचा. गाडी आली की ते रिकामे करायचं वॉचमनने कबूल केलं. महिन्याभरात तिथे पिशवी दिसेनाशी झाली. आधीच का नाही सांगितलंत, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं हुतं की. तुमी पाट्या रंगवत हुता."

ते वाक्य मी विसरलेली नाही. तुमच्या गल्लीत कारण हेच असेल असं नाही. असेलही, चाळीचं आणि गाडीच्या वेळेचं काही असेल, किंवा अगदीच वेगळं काही. मला इथे बसून ते कळणार नाही आणि तुम्हालाही सभेत बसून कळणार नाही.

तुम्ही पुण्यात राहता म्हणून आणखी एक सांगते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या इथल्या कचरावेचकांमध्ये गेल्या होत्या. गेल्या शिकवायला, पण आधी ऐकून घेतलं. बायकांचं मागणं साधं होतं: कचरा कुंडीत कालवला जाण्याआधी दारातच वेगळा मिळू द्या, म्हणजे उकिरडे उपसावे लागणार नाहीत आणि मालाला भावही येईल. त्या ऐकण्यातून 1993 मध्ये, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे 2008 मध्ये महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागली. घरातच कचरा वेगळा करा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी देशभर सांगितलं. या शहरातल्या बायका ते दोन दशकं आधी दारात उभ्या राहून सांगत होत्या. तुमच्या बाई त्या संस्थेतल्या असतील किंवा नसतील, पण गल्लीच्या कचऱ्यातलं तुमच्या सभेपेक्षा त्यांना जास्त कळतं, एवढं नक्की.

तेव्हा गट बंद करायचा की नाही, हे आज ठरवायचं नाही. नगरसेवकांकडेही आत्ता नको. पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, आणि आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, जाऊन मुकादमाशी बोलायलाही कोणाची चिठ्ठी लागत नाही. हे रस्ते कुठे जात नाहीत. पण तिथे जाऊन मागणार काय? दिवा, डबे, की गाडीची वेळ बदलून? ते अजून तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही एकच करायचं. उद्या सकाळी त्या बाई गल्लीत शिरतील तेव्हा खाली जा. एकट्या जा, टी-शर्ट न घालता, फोन घरी ठेवून. आधी नाव विचारा. मग म्हणा, "त्या दिवशी तुम्ही थांबला होतात, आमचं चुकलं. काय सांगायचं होतं?" आणि त्या बोलतील तेव्हा मध्ये बोलू नका. पहिल्याच दिवशी त्या मोकळ्या होतील असं समजू नका. एकदा परत गेलेलं माणूस लगेच मनातलं सांगत नाही. "काय नाय ताई, असंच" म्हणतील. म्हणू देत. त्यांच्याबरोबर पहिल्या दारापासून चाळीच्या टोकापर्यंत चाला. पाठ दुखतेय तर बादली उचलू नका, नुसत्या चाला आणि बघा. दुसऱ्या दिवशी परत जा. तिसऱ्या दिवशीही. डीपीजवळ पोचाल तेव्हा त्या आपण होऊन बोलतील असं मला वाटतं.

आणि कृपा करून त्यांचा सत्कार करू नका. शाल, श्रीफळ, ग्रुपवर फोटो, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, यातलं काही नको. सत्कार झाला की माणूस पुन्हा जिन्यात जाऊन उभं राहतं. त्यांना सभेत बोलवा, खुर्ची द्या, सगळ्यांच्या कपासारख्याच कपात चहा द्या आणि पहिलं बोलणं त्यांचं ठेवा. काकांनी मध्ये तोंड घातलं तर त्यांना थांबवायचं काम तुमचं. सहा महिने 212 माणसांची मनधरणी केलीत, एका काकांना गप्प बसवणं तुम्हाला जड नाही.

त्यांनी सांगितलं त्यावरून जे काम निघेल तेच पुढच्या महिन्यात करा, तेवढंच. भिंतीला पुन्हा रंग नको.

सभा त्यांची फेरी संपल्यावर घ्या. एक-दीड वाजेल, तुमच्या जेवणाची वेळ होईल, होऊ द्या. त्यांची सुट्टी कुठल्या वारी असते तेही आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी सभा ठेवू नका.