बाहेरचा शब्द, घरचा शब्द

"पुरुषांना दिलेल्या शब्दाचे काही वाटतच नाही का?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रिया विचारतात. लातूरजवळच्या एका गावातील बाईंनी तो असा मांडला : "मॅडम, मोंढ्यात शब्द दिला की हे रातोरात पाळतेत, मला दिलेला पुढच्या राशीवर जातो." गुडघा दाखवायला लातूरला नेण्याचे आश्वासन "सोयाबीन निघू दे" यावर तीन हंगाम अडले होते.

उसने पैसे वेळेवर फेडले नाहीत तर चारचौघांत मान खाली जाते, असे पतीचे म्हणणे. बाईंनीही बचत गटाचा हप्ता कधी चुकवला नव्हता, कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्यापायी दुसरीचं कर्ज अडायला नको." म्हणजे पुरुष प्रतिष्ठेसाठी शब्द पाळतो आणि स्त्री नात्यासाठी, असे सोयीस्कर उत्तर समोर तयारच होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये स्त्रियांचा नैतिक विचार नाती आणि काळजी यांभोवती फिरतो, अशी मांडणी केली होती. परंतु २००० साली सारा जाफी आणि जॅनेट हाइड यांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांतील हा फरक अल्पच आढळला.

या दांपत्याच्या बाबतीतही ते उत्तर टिकले नाही. हाच पुरुष मजुरांचे पैसे आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, कोणी न मागता घरपोच देत असे. नाहीतर त्यांचा बाजार कसा होणार, हीच त्याची काळजी. उलट बाईंनी जावेकडून घेतलेली दोन पायल्या ज्वारी वर्षभर परत केली नव्हती. "ती घरचीच हाय की, कुठं जाते?" असे म्हणून त्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. गुडघ्याचे दुखणेही घरचेच होते.

एक संपूर्ण बैठक मी पतीला पत्नीच्या भावना समजावण्यात घालवली होती. ती वाया गेली, हे मान्य करते. पुढच्या भेटीत त्यांच्या खिशातील देण्याघेण्याची वही मागितली. तीत खतवाला होता, ट्रॅक्टरवाला होता, मेव्हणाही होता. पत्नीला दिलेल्या शब्दाला मात्र ना तारीख होती, ना ओळ. दवाखान्याचा दिवस त्यांनी तिथेच बसून लिहिला. नावाच्या जागी थोडे अडखळले आणि "घरी" एवढेच लिहिले.

त्या दिवशी ते दोघे लातूरला जाऊन आले. जावेची ज्वारी त्याच आठवड्यात पोहोचली.