सुटलेलं नख ओढून काढू नका

ताई, आईंना डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे तीन डोस झाले, नखं काळी पडली, अंगठ्याचं नख उचललंय, ते काढून टाकू का, असं विचारलंत. नका काढू. जिथे धरून आहे तिथली जिव्हाळी उघडी पडेल, आणि केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना तेवढी जागा जंतूंना पुरते.

मलाही हेच औषध दर 21 दिवसांनी, चार वेळा होतं. दुसऱ्या डोसनंतर नखं तपकिरी झाली, तिसऱ्यानंतर मधल्या बोटाचं टोकाकडून पांढरं पडायला लागलं. पांढरं म्हणजे तेवढं खालून सुटलेलं. मटार सोलताना शेंगेची कड त्याखाली शिरली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून सोलणं, निवडणं, भांडी सगळं घरच्यांकडे दिलं. आईंना हे ऐकवणं कठीण जाईल, पण ऐकवाच.

सैल झालेला भाग नेलकटरने थोडा थोडा कापा, कड कानशीने घासा. वर मायक्रोपोरची पट्टी सैलसर लावा, म्हणजे पदरात, टॉवेलच्या धाग्यात अडकत नाही. परळला तपासणीला येताना लोकलच्या गर्दीत हात सांभाळायला सांगा, आणि पावसात तुंबलेल्या पाण्यात पाय नको. पार्लर, जेल, खोटी नखं आत्ता बंद. नखुरडं झालं, ठणका लागला, पू किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी दाखवा. ताप 100.4 फॅरनहाइटपर्यंत चढला तर रात्र असली तरी थांबू नका.

चौथ्या डोसआधी औषध चालू असताना घालायच्या गोठवलेल्या हातमोज्यांबद्दल नक्की विचारा. फ्रान्समध्ये 2005 साली 45 रुग्णांच्या एकाच हातात तो मोजा घातला होता: त्या हाताला नखांचा त्रास 11 टक्के जणांना झाला, उघड्या हाताला 51 टक्के. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, औषध बोटांत कमी पोचतं. सलाइनच्या 15 मिनिटं आधीपासून ते संपल्यावर 15 मिनिटांपर्यंत ठेवतात. मला हे उशिरा कळलं, त्याची हळहळ अजून आहे. बर्फ थेट कातडीला लावू नका, आणि थंडीने बोटं पांढरी पडत असतील तर आधी सांगा.

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. माझ्या अंगठ्यावर प्रत्येक डोसची एक आडवी खाच होती, चार खाचा. शेवटची खाच सहाव्या महिन्यात टोकाला आली तेव्हा मीच ती कापली. पायाच्या अंगठ्याला मात्र दीड वर्ष लागलं.