पेकिंग ऑपेराचे पारंपरिक पोशाख थ्रीडी प्रिंटिंग आणि लेझर कटिंगने नव्याने घडवता येतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: फॅशन डिझाईनच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पेकिंग ऑपेराचे, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाटकाचे, पोशाख लेझर कटिंग, थ्रीडी प्रिंटिंग आणि डिजिटल प्रिंट वापरून नव्याने करायचे आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि यात परंपरेचा अवमान तर होत नाही ना?

अवमानाची भीती आधी काढून टाका. स्त्रीभूमिका करणारे थोर नट मेई लानफांग यांनी 1915 मध्ये चंद्रावर जाणाऱ्या चांग-अ देवीच्या नाटकासाठी सगळा साजच बदलला. जुन्या चित्रांतल्या सुंदरींची वेशभूषा पाहून त्यांनी आखूड चोळीवजा अंगरखा आणि त्यावरून नेसलेला लांब घागरा आणला. कंबर दिसू लागली, केसांची रचनाही बदलली. पण याच नाटकात त्यांनी नृत्याचा भागही नव्याने बसवला, हे विसरू नका. कपडा बदलला तशी हालचालही बदलली. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की नट त्या कपड्यात काय काय करतो ते आधी बघा आणि मशीन नंतर निवडा.

मी नाटकांसाठी कपडे करते. लेझर कटर आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन रोज हाताखाली असतं, आणि चिनी ऑपेराचे पोशाख हा माझ्या आवडीचा, बऱ्याच वर्षांचा अभ्यास आहे. त्या जोरावर लिहिते.

बाहीच्या टोकाला जोडलेली पांढऱ्या पातळ रेशमाची लांब पट्टी तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. तिला पाण्याच्या बाह्या म्हणतात. नट मनगटाच्या एका झटक्यात ती भिरकावतो आणि पुढच्या दोन-तीन झटक्यांत चुण्या पाडत पुन्हा मनगटावर गोळा करतो. राग, लाज, निरोप, सगळं त्यातून सांगितलं जातं. इथे लेझर लावायचा मोह होईल, पण लावू नका. रेशीम हे प्रथिन, ते केसासारखं जळतं. कड तपकिरी होते, तोच जळका वास येतो आणि बोट फिरवलं की कडेचा भुगा पडतो. म्हणून पॉलिस्टर घ्यावं, तर त्याची कड वितळून छान बंद होते, धागे सुटत नाहीत. पण तीच वितळलेली कड कडक होते. बाही मनगटावर गोळा करताना चुणी त्या कडेपाशी अडते आणि सगळी लय बिघडते. इथे पातळ रेशीम आणि हाताने वळलेली बारीक दुमडच हवी.

भरतकामाचं गणित वेगळं आहे. या पोशाखांचं मोठं केंद्र म्हणजे चीनमधलं सूचौ शहर. तिथले कारागीर रेशमाचा एक धागा उकलून त्याचे केसाहून बारीक पदर करतात आणि त्यांनी भरतात. आपलं मशीन वरचा धागा आणि बॉबिनचा धागा असे दोन धागे घालतं, खाली बॅकिंग, म्हणजे आधाराचं अस्तर, लागतं, आणि दाट भरलं की रेशमाचा पुठ्ठा होतो. शिवाय मशीनने भरलेला ड्रॅगन सपाट दिसतो, तो वेगळ्याच कारणाने. पंचिंग करणारा, म्हणजे मशीनसाठी संगणकावर टाके आखणारा, बहुतेक वेळा सगळा आकार एकाच दिशेच्या टाक्यांनी भरून टाकतो. रेशमावरची चमक टाक्याच्या दिशेवर असते. खवल्यागणिक दिशा थोडी थोडी वळवा, टाक्यांची दाटी कमी करा, मग नट वळला की अंगावरचा ड्रॅगनही हलल्यासारखा वाटतो. आणि सोनेरी जरीचा धागा वर ठेवून बारीक टाक्यांनी धरून बसवायचं जे काम आहे, ते डोरी बसवायचा जोडभाग लावला की मशीन सुरेख करतं. सेनापतीच्या चिलखतावर, म्हणजे काओवर, तेच वापरा. चिलखत जडच असतं, थोडा ताठपणा तिथे खपून जातो.

नक्ष्यांचा आकार मात्र संगणकावर वाटेल तसा लहानमोठा करू नका. रंगवलेल्या चेहऱ्याच्या दणकट पात्राच्या दरबारी झग्यावर अंगभर पसरलेला मोठा ड्रॅगन असतो, तर दाढीवाल्या धीरगंभीर पात्राच्या झग्यावर वर्तुळात बसवलेले ड्रॅगन. तिथला प्रेक्षक त्यावरून माणूस ओळखतो. रंगांचंही तसंच. वरचे पाच, खालचे पाच अशी दहा रंगांची जुनी विभागणी आहे आणि पिवळा सम्राटाचा. डिजिटल प्रिंटमध्ये लाखो छटा मिळतात म्हणून त्या वापरायलाच हव्यात असं नाही. फाटकं घातलं तरी चालेल, चुकीचं घालू नका, असं तिथल्या नाटक मंडळ्यांत म्हणतात.

तुमचं तंत्रज्ञान खरं शोभेल ते शिरोभूषणांत. पारंपरिक मुकुट पुठ्ठा आणि तारेचा सांगाडा करून घडवतात. त्यावर लेपाच्या बारीक धारेने उठावाच्या रेघा काढतात, मग सोनेरी मुलामा, आणि शेवटी स्प्रिंगवर डुलणारे मणी नि लोकरीसारखे गोंडे. सांगाडा आणि उठाव थ्रीडी प्रिंटरला सहज जमतात. पण नटाचं डोकं आधीच पट्ट्यांनी इतकं करकचून बांधलेलं असतं की डोळ्यांच्या कडा वर ताणल्या जातात. त्यावर मुकुटाची एक कड जरी चुकीच्या जागी रुतली तरी उभं राहणं अवघड होतं, कोलांटी तर दूरच. म्हणून डोक्याचं स्कॅनिंग पट्ट्या बांधून झाल्यावर करा. मागची बाजू उघडी ठेवून तिथे नाडी द्या, कारण मंडळीत एकच मुकुट अनेकांच्या डोक्यावर चढतो. पीएलए हे थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक वापरू नका, ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या टेम्पोतल्या पेटीत वाकडं होऊन निघेल. नायलॉन बरं.

अजून एक जागा मला फार जवळची आहे. स्त्रीपात्रांच्या दागिन्यांत पूर्वी खंड्या पक्ष्याची निळी पिसं कापून चिकटवत. हे थांबायलाच हवं होतं, आणि आता रंगवलेलं हंसपीस किंवा रेशीम वापरतात. पण ते फिकं वाटतं, कारण खंड्याचा निळा हा रंगद्रव्याचा नाहीच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. म्हणून रंग शोधत बसू नका. प्रकाशाबरोबर छटा बदलणारी पातळ फिल्म घ्या, लेझरने पिसाच्या रेषांसारख्या अगदी बारीक पट्ट्या कापा आणि त्या एकाच दिशेने बसवा. लेझरवर घालण्यापूर्वी फिल्ममध्ये पीव्हीसी नाही याची खात्री करा. पीव्हीसीतून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, मशीनही गंजतं.

माझ्या मते संपूर्ण पोशाखाच्या मागे न लागता प्रोजेक्टला एक मुकुट आणि त्यावरचं हे निळं काम पुरेसं आहे. मूल्यमापनाच्या वेळी तो पुतळ्यावर ठेवू नका. एखाद्या नृत्य शिकणाऱ्या मैत्रिणीच्या डोक्यावर बांधा, तिला दहा मिनिटं गिरक्या घ्यायला सांगा, आणि कुठे टोचलं, कुठे सरकला ते खडूने लगेच मुकुटावरच खूण करून ठेवा.