बॅनरमधी फोटो बसवायचाय ना, मग आधी इरेजर सोड

भाऊ, लग्नाच्या बॅनरचं पहिलंच काम चांगलं केलायस, पण फोटोच्या कडा इरेजरनं खोडत बसू नको. उद्या गिऱ्हाईक म्हणणार "फोटो जरा वर घ्या", अन् तुझ्याकडं खोडलेलं काहीच उरलेलं नसणार, परत पहिल्यापासून सुरू.

क्लिपिंग मास्क, म्हणजे फोटो एखाद्या आकाराच्या आत बसवायची युक्ती, ती शिक, सध्या तेवढंच पुरे. फोटोशॉपमधी तुझ्या बॅनरवरच्या फुलांच्या चौकटीतला जो गोल आहे त्याची लेयर (थर) खाली ठेव, फोटोची लेयर बरोबर तिच्यावर घे अन् कंट्रोल अल्ट जी दाब, झालं, फोटो गोलाच्या आत. बाहेरचा भाग कापला जात नाही, नुसता झाकला जातो, म्हणून नंतर कंट्रोल टी करून पाहिजे तसा सरकवता येतो. मधात दुसरी लेयर राहिली तर फोटो भलत्यालाच चिकटतो, नवीन पोरांचं हमखास इथंच अडतं.

बाकी दोन-तीन गोष्टी:
- व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागव. साधा पाठवला की बारीक होतो, मग मोठ्या फ्लेक्सवर नवरदेवाचं तोंड फाटतं, म्हणजे धुरकट दिसतं.
- लहान-मोठा करताना कोपरा धर. फोटोशॉप सीसी 2019 पासून प्रमाण आपोआप राहतं, जुन्यात शिफ्ट दाबावी लागायची. नव्यात सवयीनं शिफ्ट दाबली की बारीक माणूसबी पैलवान दिसतो.
- पीएसडी (लेयर सुट्या ठेवणारी फोटोशॉपची फाइल) सेव्ह कर, नुसती जेपीजी नको. लग्नसराईत नावं शेवटपर्यंत बदलत राहतात.

केस कापणं, शॅडो, सीएमवायके (छपाईचे रंग) हे सगळं नंतर बघू. आधी हे करून पीएसडी पाठव, बघतो.