होडी ॲल्युमिनियमची, इंजिन किती ताकदीचं?

उजनी, पानशेत, मुळशीच्या पाण्यावर गळ टाकणाऱ्या वाचकांचे या वेळी बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर मासेमारीला जातो. १४ फुटी ॲल्युमिनियमची होडी घ्यायचं ठरलंय. विक्रेता म्हणतो २५ हॉर्सपॉवरचं इंजिन घ्या, आमच्यातला एकजण म्हणतो ८ पुरे. कोणाचं ऐकावं? (हडपसर)

उत्तर : तूर्त कोणाचंच नको. आधी वजनाचा हिशोब मांडा. पातळ पत्र्याची १४ फुटी होडी साधारण ११० किलोची असते. तीन माणसं २२५ किलो, इंजिन ४५, पेट्रोल आणि टाकी १२, बॅटरी २८, नांगर-दोर-बर्फाची पेटी-सामान ४०. बेरीज ४६० किलो. दर हॉर्सपॉवरला २५ किलोच्या आत वजन पडलं तर होडी पाण्यावर उठून सरकते. ३० च्या पुढे गेलं की नाक वर करून पाणी ढकलत बसते, पेट्रोल जातं आणि वेग काही येत नाही.

आता ८ चं बघू. एवढ्या वजनाला ८ हॉर्सपॉवर म्हणजे दर हॉर्सपॉवरला ५७ किलो. होडी उठणारच नाही. न उठलेल्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो आणि १४ फुटीला तो ताशी ९-१० किलोमीटरच्या आसपास अडतो. मग ५ लावा नाहीतर ८, फरक किरकोळ. काठाकाठाने चिलापी किंवा मरळ धरायची असेल तर हा वेग भरपूर आहे, आणि ५ चं इंजिन २५-२७ किलोचं असल्याने एकट्या माणसाला उचलता येतं.

२५ ची गोष्ट वेगळी. होडीवर निर्मात्याने क्षमतेची पाटी लावली असेल तर तिच्यावरचा आकडा अखेरचा. पाटी नसेल तर अमेरिकी तटरक्षक दलाचं सूत्र वापरा : फुटांत होडीची लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी. ट्रान्सम म्हणजे इंजिन जिथे अडकवतात ती मागची उभी फळी. १४ गुणिले ४ म्हणजे ५६. हाताने दांडी धरून चालवायच्या सपाट तळाच्या होडीला ५६ ची निमपट वजा १५, म्हणजे १३, जवळच्या पाचाच्या पटीत वर नेऊन १५. व्ही आकाराच्या तळाला ५६ गुणिले ०.८ वजा २५, म्हणजे जवळपास २०. २५ हा आकडा चाकाचं स्टिअरिंग आणि किमान २० इंची ट्रान्सम असलेल्या होडीलाच निघतो. तुमच्या विक्रेत्याने यातलं काही मोजलं होतं का, हे विचारा.

आमचं मत : १५ चं फोर-स्ट्रोक घ्या. तिघं बसल्यावर दर हॉर्सपॉवरला ३० किलो पडतील, म्हणजे होडी जेमतेम उठेल. दोघं असाल तर नीट पळेल. फुल थ्रॉटलला ताशी ५ लिटरच्या आसपास पेट्रोल धरा. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखून ठेवायचं. उजनीवर दुपारी वारा उठला की परतीचं गणित बदलतं.

त्याच वाऱ्यामुळे तळ अर्धा व्ही असलेला घ्या. पूर्ण सपाट तळ उथळ पाण्यात, चिखलात उत्तम. मोकळ्या पाण्यात लाटेवर थडाथड आपटतो आणि पाठीचे मणके मोजून घेतो. पत्रा ५०५२ किंवा ५०८३ या मरीन प्रतीचा आहे याची लेखी खात्री घ्या. तळाला किमान २ मिलिमीटर, आणि दगडी काठावर ओढायची असेल तर ३ मिलिमीटरची वेल्डिंगची होडी. उजनीच्या पोटात जुनी गावं आहेत. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाणी उतरलं की वर दिसतं, पण भिंती आणि जोती दिसत नाहीत, त्यांच्यावर होडी आपटते. पाणी कमी झालं की मोसमात एकदा दुर्बीण घेऊन काठावरून बघून ठेवा.

प्रश्न : ९.९ चं इंजिन बसवलंय. थ्रॉटल दिलं की आवाज एकदम चढतो, होडी मात्र पुढे सरकत नाही. वळणावर तर जास्तच. गिअर गेला का? (चिंचवड)

उत्तर : बहुतेक गिअर नाही, उंची चुकली आहे. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून मधोमध खाली तळापर्यंत मोजा. १५ इंचाच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा आखूड), २० इंच आलं तर लाँग शाफ्ट (दांडा लांब). लाँग ट्रान्समला शॉर्ट शाफ्ट लावलं की पंखा पृष्ठभागाजवळ फिरतो, हवा ओढतो आणि मोकळा गरगरतो. उलट केलं तर खालचा भाग फार बुडतो, ओढ वाढते आणि दगड लवकर लागतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या समपातळीत किंवा फार तर इंचभर खाली हवी. ती वर असेल तर इंजिन खाली घ्या. शाफ्टच चुकीचा असेल तर जोडपट्ट्या लावून भागवू नका, इंजिन बदलून घ्या.

उंची बरोबर असेल तर पंख्याच्या आतलं रबराचं बुश तपासा. ते सुटलं की शाफ्ट फिरतो, पंखा नाही. पंख्यावर आणि बुशावर मार्करने एक सरळ रेघ मारून चालवा. रेघ सरकली तर बुश गेलं. पंखा काढलाच आहात तर मागे गळाची दोरी गुंडाळली आहे का बघा. ती शाफ्टचं सील कापते, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधासारखं होतं. आणि उजनीत जलपर्णी पाण्याच्या जाळीवर बसते. इंजिनाच्या मागून येणारी धार बारीक झाली की लगेच बंद करून जाळी साफ करा. पाण्याबाहेर चालू करून 'आवाज बघणं' तर नकोच. आतलं पाणी खेचणारं रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतं.

आणखी एक. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणजे इंजिनाची ५-६ टक्के ताकद विरळ हवेतच जाते. नेहमीच्या वजनाने फुल थ्रॉटलला फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या खाली राहत असतील तर एक इंच कमी पिचचा पंखा लावा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितकं अंतर पुढे जाईल ते). दर इंचाला मिनिटाचे दीडशे-दोनशे फेरे वाढतात.

प्रश्न : पंपावरच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) बिघडतं का? (कोथरूड)

उत्तर : बहुतेक आउटबोर्डची पुस्तिका १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देते आणि पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. फार पाणी शिरलं की ते खाली वेगळं बसतं आणि तेच कार्ब्युरेटरमध्ये जातं. वापराच्या आदल्या दिवशी पेट्रोल भरा, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. दिवस संपला की पेट्रोलची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, अर्थात पाण्यातच. महिनाभर पडून राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा तळाचा स्क्रू काढून उरलेलं गाळून टाका. टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं ऑइलच. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलि. मोटारसायकलचं ऑइल चालत नाही.

प्रश्न : पानशेतला बॅटरीवरची मोटर पुरेल? आणि परवानगी लागते का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : १२ फुटी होडी, दोन माणसं, काठाजवळचं पाणी, एवढ्याला ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर पुरते. फुल वेगाला ती ५० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासही पूर्ण देत नाही. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्यही उतरतं. वल्ही बरोबर ठेवाच. परवानगीचं म्हणाल तर धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थांना किंवा ठेकेदाराला दिलेले असतात, आणि यांत्रिक होडीला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो. होडी घेण्याआधी विचारून घ्या. खडकवासल्याचं पाणी शहर पितं आणि काठावर एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे. तिथे पेट्रोल इंजिनाचा विचारच सोडा.

प्रश्न : जुनी रिव्हेटची होडी स्वस्तात मिळतेय. आत पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे आहेत. घ्यावी का? (लोणी काळभोर)

उत्तर : भुकटी म्हणजे गंज. तो कशाने आला ते शोधा. ओला गालिचा, तांब्याच्या क्षारांनी मुरवलेलं लाकूड, पितळी नट, बॅटरीची उघडी वायर, तळात पडलेलं एखादं जुनं तांब्याचं नाणंसुद्धा पुरतं. कारण काढून टाकलं नाही तर नवीन पत्राही तसाच खाल्ला जाईल. घासायला लोखंडी ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पुन्हा गंज चढतो. नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा घ्या. टाचणीएवढी भोकं इपॉक्सीने बुजतात, पण तळ नखाने दाबल्यावर दबत असेल तर सौदा सोडा.

गळती बघायला होडी स्टँडवर ठेवून आत ५-६ सेंटिमीटर पाणी भरा आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. सैल रिव्हेट आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने पुन्हा घट्ट बसते. बदलावी लागली तर भरीव किंवा बंद टोकाची घाला. बाजारात सर्रास मिळणारी पॉप रिव्हेट मधून पोकळ असते, ती पाणी आत घेतेच. सिलिकॉनने जोड भरला असेल तर सगळा खरवडून पॉलियुरेथेन सीलंट लावा.

शेवटी इंजिन अडकवलेलं असताना त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम लवत असेल तर आतलं प्लायवूड कुजलंय. स्क्रूच्या भोकात पेचकस खुपसून बघा. ओला भुसा आला तर प्लायवूड बदलायचा खर्च होडीच्या किमतीतून आधीच वजा करून बोला.