साडेसात लाखांची घडणावळ

वाचकाचा प्रश्न: मी ४२ वर्षांचा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं मशीनशॉप आहे, चार सीएनसी, दोन व्हीएमसी, पंधरा कामगार. फर्म प्रोप्रायटरी. सात टक्क्यांच्या एफडीत ११ लाख आहेत. बँकेच्या ४० लाखांच्या सीसीपैकी (धंद्यासाठीची कॅश क्रेडिट कर्जमर्यादा) सरासरी २८ लाख वापरात असतात, व्याज साडेदहा टक्के. राजारामपुरीतल्या फ्लॅटचं १६ लाख कर्ज बाकी आहे. टर्म विमा ५० लाखांचा. मुलगी दहावीत. घरखर्च आणि हप्ते जाऊन महिन्याला ८५ हजार हातात उरतात. मला ओमेगाचं स्पीडमास्टर घ्यायचं आहे, साडेसात लाखांपर्यंत जाईल. त्याच्या आतलं मशीन खरंच एवढं सरस असतं का? पुण्याचा मित्र म्हणतो, स्विस घड्याळाचा भाव कधी पडत नाही, ही गुंतवणूकच आहे. पत्नी म्हणते, त्याच पैशांत सोन्याचा कोल्हापुरी साज घडवू. तिला समजत नाही, घड्याळ वेगळी गोष्ट आहे. घड्याळ फर्मच्या नावावर घेतलं तर जीएसटी सुटेल का? सध्या हातात वडिलांचं एचएमटी जनता आहे, ते अजून चालतं.

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मी फक्त आकडे बघत होतो. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की त्या घड्याळाच्या मशीनबद्दल तुम्ही जे विचारलंय ते शौक म्हणून नव्हे, कामाचा माणूस म्हणून विचारलंय. म्हणून आधी घड्याळाबद्दल बोलतो.

तुम्हाला हवं असलेलं स्पीडमास्टर हाताने चावी द्यायचं आहे. आत ३८६१ नावाचं मशीन, तासाला २१,६०० ठोके. म्हणजे सेकंदाला सहा, वर्षाला जवळजवळ १९ कोटी. तुमच्या शॉपमधलं कुठलं बेअरिंग थेंबभर तेलावर वर्षानुवर्षं अशी उलटसुलट हालचाल सोसेल? या घड्याळाला स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी मापन संस्थेच्या निकषांनुसार प्रमाणपत्र मिळतं, दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे अजिबात नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात पाच सेकंदांचा फरक म्हणजे तुमच्या भाषेत ३० मिलिमीटरच्या बोअरला पावणेदोन मायक्रॉन. तेही कूलंट नाही, एसी रूम नाही, मनगटावर हलत, उन्हात तापत.

आणखी एक गोष्ट खास तुमच्या कामाची. सरफेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक चक आणि डायल स्टँडचा मॅग्नेटिक बेस साध्या मेकॅनिकल घड्याळाचे वैरी असतात. पोलादी मिश्रधातूची हेअर स्प्रिंग चुंबकली, की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावायला लागतं. ३८६१ मध्ये हेअर स्प्रिंग सिलिकॉनची आहे, आणि मेटासच्या चाचणीत घड्याळाला १५,००० गॉसचं चुंबकीय क्षेत्र सोसावं लागतं. सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतं म्हणून १८६१ मशीनचं जुनं स्पीडमास्टर घेतलंत, तर ही सोय मिळणार नाही. शॉपमध्ये ते घालून फिरायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

तेव्हा कारागिरीबद्दल तुमचं आमचं भांडण नाही. भांडण मित्राच्या वाक्याशी आहे.

गुजरीत साज घडवायला टाकला, की सराफ दोन आकडे सांगतो, सोन्याचा आणि घडणावळीचा. पुढे कधी मोडायची वेळ आली तर सोन्याचे पैसे त्या दिवसाच्या भावाने येतात, थोडी घट जाते, आणि घडणावळ बुडते. कारागिराने जाव मणी आणि पानड्या कितीही मन लावून केल्या असोत, मोडीत त्याचा रुपया मिळत नाही. हे कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. आता स्टीलचं घड्याळ त्याच काट्यावर ठेवा. स्टील काहीशे रुपयांचं. आतले ज्वेल म्हणजे माणिक खरे, पण कारखान्यात बनवलेले, बेअरिंग म्हणून बसवलेले, दागिना म्हणून त्यांना किंमत नाही. उरलं ते सगळं डिझाइन, मशीनिंग, जुळणी, तपासणी, जाहिरात, दुकानाचं भाडं, कर आणि हे घड्याळ चंद्रावर गेल्याची गोष्ट. म्हणजे साडेसात लाखांतली जवळजवळ सगळीच घडणावळ.

मग काही घड्याळं विकताना जास्त पैसे कसे देतात? कारण बाजार तिथे कारागिरीला नव्हे, टंचाईला भाव देतो. याचा दाखला तुमच्याच घड्याळाच्या घराण्यात आहे. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ मशीन होतं, त्यात क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, चालू-बंद करायला कॉलम व्हील नावाचं चाक. १९६८ मध्ये ८६१ आलं, कॉलम व्हीलच्या जागी कॅम बसला, ठोके तासाला १८,००० वरून २१,६०० झाले. बनवायला सोपं, दुरुस्तीला सोपं, चालायला दणकट. प्रॉडक्शनच्या माणसाने अभिमानाने सांगावा असा बदल. आज जुन्या बाजारात ३२१ वाल्याला ८६१ पेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात, कारण ती कमी उरलीत आणि त्यांच्यामागे गोष्ट आहे. उलट टूरबियाँ, म्हणजे घड्याळाचं बॅलन्स चाक सतत फिरवत ठेवणारा पिंजरा, ज्याचं पेटंट घड्याळजी ब्रेगेने १८०१ मध्ये घेतलं, बनवायला कितीतरी अवघड, पण कमी नावाजलेल्या कंपनीचं टूरबियाँ घड्याळ दुकानाबाहेर पडताच मोठी घट खातं. आणि डिझायनर जेराल्ड जेंटाने आखलेली १९७२ चं रॉयल ओक, १९७६ चं नॉटिलस ही साधी स्टीलची घड्याळं आज छापील किमतीच्या वर जातात. मशीन किती सरस यावरून विक्रीचा भाव ठरत नाही.

तुमच्या मित्राने बहुधा २०२० ते २०२२ चा काळ पाहिला असावा. तेव्हा रोलेक्स, पाटेक, ऑडमार्सच्या ठराविक मॉडेलचे सेकंडहँड भाव चढतच गेले. २०२२ च्या सुरुवातीला ते शिगेला पोचले आणि मग खाली आले, ज्यांनी वरच्या भावात घेतलं त्यांचे हात पोळले. स्पीडमास्टर तर त्या टंचाईच्या यादीतलंही नाही. ते पैसे मोजले की मिळतं. जे सहज मिळतं ते सेकंडहँडमध्ये छापील किमतीखालीच विकलं जाणार.

आता तुमचा हिशोब. सीसीत २८ लाख साडेदहा टक्क्यांनी वापरताय आणि ११ लाख सात टक्क्यांनी एफडीत ठेवलेत. घड्याळाचा विचार बाजूला ठेवा, हेच आधी थांबवायला हवं. एफडी मोडून रक्कम सीसी खात्यात भरा. लिमिट कमी करून घेऊ नका, म्हणजे गरज पडली की तेच पैसे दुसऱ्या दिवशी परत काढता येतात. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात असं धरलं, तर एफडीचं व्याज कर जाऊन ४.९ टक्के हातात येतं. सीसीचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा होतं, तरी ते कर धरून साडेसात टक्क्यांच्या जवळपास पडतं. घरबसल्या होणारा हा फायदा तुमच्या सीएंनी आधीच सांगायला हवा होता असं मला वाटतं.

त्यामुळे घड्याळाचे साडेसात लाख प्रत्यक्षात सीसीतूनच जाणार आहेत, एफडीतून दिले तरी. त्यावर वर्षाला ७८,७५० रुपये व्याज, कर धरून ५५ हजार. पाच वर्षांनी विकलंत तर मी साडेचार लाख मिळतील असं धरतो. एक सर्व्हिसिंग होईल, ते कंपनीच्या सेंटरला पाठवावं लागेल, त्याचे साठ हजार धरतो. हे दोन आकडे माझा अंदाज आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. घट तीन लाख, व्याज पावणेतीन लाख, सर्व्हिसिंग साठ हजार. पाच वर्षांत सव्वासहा लाखांच्या वर, म्हणजे महिन्याला साडेदहा हजार. एवढं भाडं देऊन घड्याळ वापरायचं का, असा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर "हो" असू शकतं, त्यात गैर काही नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

पण मला खरी काळजी दुसऱ्याच आकड्याची आहे. प्रोप्रायटरी फर्म म्हणजे सीसीचं देणं तुमचं स्वतःचं. २८ आणि १६ मिळून ४४ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ५० लाखांच्या विम्यातून बँका फिटतील आणि घरी सहा लाख राहतील, मुलगी दहावीत असताना. एफडीचे ११ लाख आणि मशीन विकून येतील ते पैसे वेगळे, पण बंद पडलेल्या शॉपची मशीनं काय भावाने जातात ते तुम्ही शिरोलीत पाहिलंय. आणखी दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन याच महिन्यात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. घड्याळ थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

दुसरं, गंगाजळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा हायवे बंद पडला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. माल गेला नाही, बिलं अडकली, पगाराची तारीख मात्र थांबली नाही. माझ्या एका क्लायंटने तेव्हा हौसेने घेतलेलं महागडं घड्याळ विकायला काढलं होतं. आठ दिवसांत पैसे हवेत म्हटल्यावर घेणाऱ्याने निम्म्याहून कमी सांगितले, आणि त्याला ते घ्यावे लागले. ते घड्याळ चांगलंच होतं. घाई वाईट होती. पंधरा जणांचे पगार, वीज आणि हप्ते धरून तुमचा महिन्याचा ठरलेला खर्च साडेपाच लाखांच्या घरात असावा. तीन महिन्यांचे साडेसोळा लाख तुमचे स्वतःचे, सीसीत भरलेले असायला हवेत; लिमिटमधली आजची मोकळी जागा त्यात धरू नका. अकरा आहेत, साडेपाच कमी पडतात.

महिन्याच्या ८५ हजारांतले ४५ हजार त्या गंगाजळीला द्या. साधारण वर्षभरात ती भरते. उरलेल्या ४० हजारांची बँकेत वेगळी आरडी काढा, फक्त घड्याळासाठी. एकोणीस महिन्यांत ७ लाख ६० हजार मुद्दल. तेव्हा जाऊन घ्या, एकरकमी, ईएमआय न करता. वाढीव विम्याचा हप्ता बसवायला एखादा महिना जास्त लागला तर लागू द्या. दुकानदार म्हणेल, थांबलात तर भाव वाढेल. कंपन्या किमती वाढवतात हे खरं. पण भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या गटातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. त्यामुळे आजच घेतलं पाहिजे असं काही नाही.

फर्मच्या नावावर घेऊ नका. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, घसाराही मान्य होणार नाही, आणि तपासणीत तेवढ्यासाठी सगळी बिलं उघडावी लागतील. दुबईहून कुणी हातात घालून आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. शुल्क न भरलेल्या घड्याळाला बिल नाही, आणि बिल नसलेलं घड्याळ विकताना पडेल भावाने द्यावं लागतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देणंघेणं नाही. पेटी, वॉरंटी कार्ड आणि बिल कपाटात नीट ठेवा, घरच्या विम्यात घड्याळाची वेगळी नोंद करा.

वहिनींच्या साजाबद्दल. निव्वळ पैशाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं घड्याळापेक्षा बरं आहे, कारण साजात घडणावळ सोडून सोनं उरतं. पण आज सीसीतून काढून साज करणंही तितकंच चुकीचं. तुमच्या पत्रात एक वाक्य खटकलं, की "तिला समजत नाही, घड्याळ वेगळी गोष्ट आहे". त्यांना समजतं असं मला वाटतं. एकोणीस महिन्यांच्या आरडीचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, त्यानंतर तीच आरडी चालू ठेवून त्यांच्या साजाला लावायची हेही त्याच कागदावर लिहा.

घ्यायला जाल तेव्हा दोन प्रकार दाखवतील. एकात हेसालाइटची, म्हणजे प्लास्टिकची काच आणि मागून बंद केस, हे स्वस्त. दुसऱ्यात पुढे-मागे सफायर, मागून मशीन दिसतं, हे महाग. हेसालाइटला चरे पडतात पण पॉलिशने निघतात. दुसऱ्या कुणाला मी स्वस्तातलं घ्या म्हटलं असतं. तुम्ही पैसे मशीनसाठी देताय, तर मशीन दिसणारं घ्या, त्यासाठी आरडी दोन महिने जास्त चालवावी लागली तरी चालेल.

तोवर वडिलांचं जनता महाद्वार रोडला किंवा शाहूपुरीत एखाद्या जुन्या कारागिराकडे नेऊन ऑइलिंग करून घ्या. तेही चावीचंच आहे, १७ ज्वेलचं, तासाला १८,००० ठोक्यांचं. रोज सकाळी शॉपला निघण्याआधी त्याला चावी द्या, रात्री मोबाइलशी लावून किती सेकंद फरक पडला ते वहीत लिहा, तुम्ही जॉबची मापं लिहिता तसं. मॅग्नेटिक चकपासून मात्र लांब ठेवा, त्याची हेअर स्प्रिंग सिलिकॉनची नाही. सहा महिन्यांनी ती वही आणि सीसीचं स्टेटमेंट घेऊन मला पुन्हा लिहा. वही भरलेली असेल तर आरडी चालू ठेवू. चौथ्या आठवड्यात चावी द्यायची राहून गेली असेल, तर ते पैसे कुठे लावायचे ते तेव्हा बोलू.