मिनी ट्रॅक्टरला घरगुती लोडर: आधी पुढचा ऍक्सल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्जतच्या जागेसाठी १८ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे, भांडुपला मेव्हण्यांच्या गाळ्यात वेल्डिंगची सोय आहे, दारूखान्यातून ६३ बोअरचे (म्हणजे आतला व्यास ६३ मिलिमीटर) दोन हायड्रॉलिक जॅक स्वस्तात उचललेत, त्यांवर ट्रॅक्टरच्या पुढे लोडर, म्हणजे दोन लोखंडी हात नि त्यांच्या टोकाला माती उचलणारी बकेट, बनवायचाय, आणि आता ती बकेट किती मोठी करू ते हवंय.

बकेटचं नंतर बघू. जॅक आधी घेतलेत तिथेच गाडी रुळावरून घसरली आहे. माझा पहिला लोडर मीही असाच जॅकपासून सुरू केला होता, म्हणून सांगतोय.

हिशोब करून बघा. ६३ बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. १४० बार दाबाला एक जॅक साधारण ४४५० किलो रेटा देतो, दोन मिळून ८९००. तुमच्या आकाराच्या लोडरला हात जमिनीवर असताना जॅकची तरफ ३० सेंटिमीटरच्या आसपास मिळते आणि बकेटचा मध्य पिव्होटपासून, म्हणजे हात ज्या पिनेवर फिरतात तिथून, १.९ मीटर लांब असतो. म्हणजे बकेटपाशी १४०० किलोची ताकद. तुमचा अख्खा ट्रॅक्टर ८०० किलोचा असेल. बकेट मुळाखाली अडकली आणि तुम्ही लिव्हर ओढला, की मूळ जागेवर राहील आणि मागची चाकं हवेत जातील.

४० बोअरचे दोन जॅक घ्या. प्रत्येकी १८०० किलो, बकेटपाशी सुमारे ५६५, त्यातून हात नि बकेटचं स्वतःचं वजन वजा करा. एवढं भरपूर झालं. शिवाय वेगही येतो. ८ सीसीचा गिअर पंप १५०० आरपीएमला मिनिटाला १२ लिटर तेल देतो. ४० बोअर, ४०० मिलिमीटर स्ट्रोकचे (दांडा बाहेर येतो ती लांबी) दोन जॅक भरायला एक लिटर लागतं, म्हणजे ५ सेकंदांत हात वर. ६३ बोअरला अडीच लिटर, म्हणजे साडेबारा सेकंद. एका ट्रॉलीला पंचवीस-तीस फेऱ्या धरा, मग कळेल. ‘दाब कमी ठेवून ६३चेच वापरतो’ असं म्हणाल. चालेल कागदावर. पण दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पाना घेऊन पिळणारा एक जण प्रत्येक गावात असतो. जॅक विकून टाका.

आता ऍक्सल. माती २०० किलो, बकेट ६० किलो, आणि हा भार पुढच्या ऍक्सलच्या एक मीटर पुढे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या नि मागच्या ऍक्सलमधलं अंतर, दीड मीटर. पुढच्या चाकांवर २६० नाही, ४३३ किलो वाढतात, कारण मागच्या चाकांवरचे १७३ किलोही पुढे सरकतात. रिकाम्या ट्रॅक्टरचं पुढचं वजन ३२० असेल तर ते साडेसातशेच्या वर गेलं, हातांचं वजन न धरता. पुढचे ते सडपातळ टायर नि स्टब ऍक्सल नांगरटीसाठी बनवलेत. आणि ज्या मागच्या चाकांवर ड्राइव्हही आहे नि ब्रेकही, तीच हलकी झाली. उतारावर याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मागे वजन हवंच. २०० लिटरचा ड्रम अर्ध्याला जरा कमी इतका काँक्रीटने भरा, २०० किलोच्या आसपास होतो. मागे अवजारं जोडतात त्या लिंकेजवर, मागच्या ऍक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे टांगलात तर पुढचे ९३ किलो उतरतात आणि मागे २९३ चढतात. पुढचा भार सगळा जात नाही हे लक्षात घ्या. टायरच्या बाजूला छापलेला लोड वाचा आणि बकेट त्यावरून ठरवा. मीटरभर रुंद, आडव्या छेदात ०.१२ चौरस मीटर अशी बकेट शेणखताला बरी, पण तीच पावसाळ्यातल्या ओल्या मातीने भरली की २१० किलोच्या पुढे जाते. आपल्याकडे माती चार महिने ओलीच, तेव्हा माप ओल्या मातीचं धरा.

माझ्या पहिल्या लोडरचे खांब मी पुढच्या कास्टिंगला (ट्रॅक्टरच्या बिडाच्या सांगाड्याला) असलेल्या तयार बोल्टच्या भोकांवर बसवले. भोकं आयती होती, दुसरं कारण काही नाही. भावाच्या वांगणीच्या जागेत जून अर्धा झाला तोवर मजेत चाललं. मग एका संध्याकाळी भरलेली बकेट घेऊन बांध ओलांडला, आणि क्लच हाउसिंगपाशी ‘टक्’ झालं. बिडाचा कान तुटला होता. ट्रॅक्टर मधून उघडावा लागला आणि लावणी बैलांवर झाली. भाऊ अजून लग्नकार्यात तो विषय काढतो.

तेव्हापासून मी सबफ्रेम आधी बनवतो. दोन्ही बाजूंनी ७५ मिलिमीटरचे लोखंडी चॅनेल, मागच्या ऍक्सल हाउसिंगपासून पुढच्या बंपरपर्यंत सलग. लोडरचे खांब या चॅनेलवर, मधोमध. कास्टिंगने फक्त ते जागेवर धरायचं, वाकवणारा जोर मागच्या ऍक्सलपर्यंत जाऊ द्यायचा. कास्टिंगला वेल्ड अजिबात नको, बोल्टच. आणि ट्रॅक्टरवरच वेल्डचा छोटा टाका (टॅक) मारायची वेळ आलीच तर बॅटरीची वायर आधी काढा.

हातांना ८० बाय ४०, चार मिलिमीटरचा बॉक्स पाइप पुरतो, जॅकचा कान येतो तिथे सहा मिलिमीटरची पट्टी. दोन्ही हातांच्या भोकांतून एकच लांब ब्राइट बार (गुळगुळीत, सरळ लोखंडी सळई) घालून ठेवा आणि तो आत असतानाच सगळं टॅक करा. वेल्डने लोखंड ओढलं जातं. बार नसेल तर शेवटी पिना घणाने ठोकाव्या लागतात, आणि ठोकून बसवलेली पीन महिन्यात बुश खाते. पिना ईएन-८ पोलादाच्या, २५ मिलिमीटरच्या, प्रत्येकीला ग्रीस निपल.

वेल्डिंग रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा) वापरणार असाल तर तो मुंबईच्या हवेत उघडा पडलेला नको. ओलावा धरलेल्या रॉडने वेल्ड वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून तडकतो. ३००-३५० अंशांना तास-दोन तास भाजून घ्या. चहाच्या स्टोव्हवरच्या तव्यावर शेकणं म्हणजे भाजणं नव्हे, हे मेव्हण्यांच्या वेल्डरला तुम्हीच सांगा, माझं नाव नका घेऊ.

बकेटच्या ओठाला ट्रकच्या कमानीचा जुना पाटा छान, पण तो स्प्रिंग स्टीलचा. गरम करून, कमी हायड्रोजनच्या रॉडनेच लावा आणि सावकाश थंड होऊ द्या.

व्हॉल्व्ह, होज, निपल मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळतील. व्हॉल्व्ह ओपन सेंटर (लिव्हर मधे असताना तेल सरळ टाकीत परत जाऊ देणारा), हातासाठी फ्लोट (बकेट जमिनीच्या चढउतारावर मोकळी सरकते ती जागा) असलेला, रिलीफसकट घ्या. होज तीन सुतांची, दोन जाळीची. टाकी २०-२५ लिटर, रिटर्नला फिल्टर. इंजिनातले साडेचार-पाच एचपी पंप खाईल. होज गळतेय वाटली तर बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने ऑपरेशन लागतं. उचललेल्या बकेटखाली काम करायचं तर हाताला लोखंडी टेकू लावूनच, जॅकच्या भरवशावर नाही.

रस्त्यावर चालवायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. कंपनीच्या मूळ बांधणीत परवानगीशिवाय बदल केलेला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाही. आणि वर्षातून चारच दिवसांचं काम असेल तर तासावर जेसीबी बोलवा, हे मी तीन जणांना सांगितलंय. तिघांनीही लोडरच बनवला.

आता पुढच्या टायरवरचा लोड, व्हीलबेसचं नेमकं माप आणि मागच्या ऍक्सल हाउसिंगवरच्या बोल्टांचा फोटो एवढं टाका. चॅनेलची भोकं कुठे पाडायची ते त्यावरून सांगतो.